वडिलांनी सांगितलेली माझी लक्षणं

आमच्याकडे डॉक्टरकडे गेलं की पेशंटने फक्त जीभ दाखवायची. बोलायचं ते घरच्यांनी. खराडीच्या ऑफिसात मॅनेजरने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मी किंचाळून कॉफीचा मग भिरकावला. एचआरने मला सुट्टीवर पाठवलं आणि वडिलांनी कोथरूडच्या एका नामांकित मानसोपचारतज्ज्ञांकडे. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. तरी माझी हकिगत सांगायला बसले तेच.

"लहानपणापासून तापट आहे हो. आदळआपट करते, स्वतःला इजा करून घेते. दोन चांगली स्थळं घालवली."

सगळं खरं होतं. पट्टा कुणाच्या हातात असायचा, तेवढं फक्त सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं ते एकदम चिठ्ठी देताना. "बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. अशा मुली अख्खं घर वेठीला धरतात. तुमची कमाल आहे, सर." वडिलांनी सत्कार स्वीकारावा तशी मान लववली. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. आमच्या गल्लीतला चांभारसुद्धा चप्पल हातात घेऊन उलटीपालटी करून बघतो.

वर्षभर मी गोळ्या घेतल्या. त्या डॉक्टरांवर विश्वासही ठेवला, याची मला अजून लाज वाटते. बॉर्डरलाइन म्हणजे माणसं सोडून जातील या धास्तीत जगण्याचा, स्वतःबद्दलचं मतही सारखं बदलण्याचा आजार; ती काही शिवी नव्हे. तो आजार असलेल्यांचे हाल मी नंतर जवळून पाहिले. या गृहस्थांनी मात्र तो शब्द शिवीसारखाच वापरला, आणि वडिलांनी तो नातेवाइकांत वाटला.

बरं काहीच वाटेना, तेव्हा मीच दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. तिथेही वडील सवयीने आधी आत शिरले आणि खुर्ची ओढून बसले.

"पेशंट आपण का?" बाईंनी विचारलं.

"नाही, मी वडील."

"मग बाहेर बसा. तिकडे पंखा आहे."

वडील गेल्यावर त्यांनी आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि त्या माझ्याकडे वळल्या. "माणसं सोडून जातील याची जास्त भीती वाटते, की जवळ येतील याची?"

"जवळ येतील याची."

"स्वतःबद्दलचं मत सारखं बदलतं?"

"नाही. कायम एकच. मी वाईट आहे."

"वर्षानुवर्षांच्या आघातातून होणारा आजार वरून बॉर्डरलाइनसारखाच दिसतो," त्या म्हणाल्या. "कधी दोन्ही एकत्रही असतात. म्हणून ज्याचं त्याला विचारावं लागतं. तुम्ही वाईट आहात, हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "तिला नीट सांगता येत नाही हो," वडील म्हणाले. "मी सांगू का?"

"नको," बाई म्हणाल्या. दार पुन्हा लोटलं गेलं.

मी म्हटलं, "आतून कडी लावाल का?"

त्यांनी उठून कडी लावली. मग मी सांगितलं.