पाचव्या बारीचा आकडा

सकाळी नऊला माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका आला. सुनीता, वय सत्तावीस, इनामगाव, ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतले दिवस. घरबसल्या रोजची लक्षणं नोंदवायचं ॲप आम्ही पाच जणांनी बनवलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान. या सुनीताच्या नावावर रोज आठ वेगवेगळे आकडे यायचे. "बोटाला लावायचं यंत्र बिघडलंय तिचं," सहकारी म्हणाला. फोन कोणी उचलेना. गावच्या आशाताई स्वतःच आजारी. मग मी पास खिशात घातला आणि पुण्याहून स्कूटर काढली. आमचं ॲप चुकत नाही, हे दाखवूनच देणार होते.

शिक्रापूरला पोलिसांनी पास उलटसुलट करून पाहिला. तळेगाव ढमढेरेचा बाजारतळ ओस पडलेला, सावलीत दोन कुत्री तेवढी झोपलेली. न्हावऱ्याच्या पुढे नकाशाने मला थेट कुणाच्या तरी उसात नेऊन सोडलं. ॲपवाल्या बाईची ही गत! स्कूटर ढकलत बाहेर आले, एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं आणि बाराच्या सुमाराला घोडनदीकाठची ती वस्ती गाठली.

सुनीता ठणठणीत होती. दगडावर धुणं आपटत होती.

"ताई, फोन माझा हाय, पर आकडं समद्या वस्तीचं," ती म्हणाली. "आठ घरं, फोन येकच. बाकीच्यास्नी जमत न्हाई."

"मग कुठला आकडा कुणाचा?"

"बारीनं." बारी म्हणजे विहिरीचं पाणी घेण्याची ठरलेली वेळ. सकाळी आठाला लाइट येते तेव्हा सगळे विहिरीवर जमतात. प्रत्येक घराला एक तास पाणी. ज्याची बारी आधी, त्याचं बोट यंत्रात आधी. म्हणजे भांडण नको.

आजचा अठ्ठ्याऐंशी पाचवा होता. पाचवी बारी दत्तूआप्पांची. आम्ही दोघी धावतच त्यांच्या रानात गेलो, तर सत्तरीचे आप्पा बांधावर खुरप्याने गवत काढत बसलेले. बोट यंत्रात घातलं, सत्त्याण्णव!

यंत्र खरंच बिघडलेलं असणार, असं म्हणून मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आवं बाई, आज पाचवी बारी म्या चंद्राला दिली. तिची काकडी सुकाय लागली व्हती. शेवटच्या बारीला विहिरीत पानी कुठं ऱ्हातंय?"

घड्याळात साडेबारा. पाचवी बारी चालू होती.

चंद्राबाई काकडीच्या वाफ्यांत एकट्याच दारं धरत होत्या (वाफ्यावाफ्यात पाणी वळवत होत्या). ओठ काळपट पडलेले, आणि दोन फावडी माती ओढली की थांबत होत्या. यंत्राने शहाऐंशी दाखवले. मला भीती वाटली.

"मला काय धाड भरलीय? उनानं वाईच दम लागतोय," त्या म्हणाल्या. "आता पानी सोडून गेले तर माळवं जळंल."

मी ऑक्सिजनवर व्याख्यान झोडलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढचं दार फोडलं.

आप्पा मागून आले. "चंद्रे, फावडं इकडं दे. तुझी दारं म्या धरतो. जा म्हंजी जा."

चंद्राबाईंनी फावडं दिलं.

चंद्राबाईंना वस्तीवरच्या जीपमध्ये बसवलं आणि जीपमागून मी स्कूटरवर दौंडच्या दवाखान्यापर्यंत गेले. खाट मिळाली, ऑक्सिजन लागला. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. सुनीताने बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा मी बाहेर लिंबाखाली खाल्ला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, पण एक घास टाकला नाही.

पुण्याला परतल्यावर आधी एका फोनवर अनेक माणसांची नावं भरायची सोय केली. दोन दिवसांचं काम, पण ते सुचायला मला उसातून जावं लागलं. ॲपचा अभिमान अजून आहेच. फक्त आता मी आकडा पाहिला की माणूस कोण, हे आधी विचारते.

वस्तीचे आकडे मात्र जुन्याच रीतीने येत राहिले. आठव्या जागी, चंद्राबाईंच्या नेहमीच्या बारीला, शून्य. ॲप रोज धोक्याची घंटा वाजवी. मी सुनीताला फोन केला तर म्हणाली, "काकूंची जागा मोडायची न्हाई, म्हनले आप्पा." सहकारी घंटा बंद कर म्हणून मागे लागला. मी केली नाही.

पंधरा दिवसांनी एका सकाळी आठवा आकडा आला, शहाण्णव. घंटा वाजली नाही. मी टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडले.