इंदुबाईच्या दोन घागरी

श्रीधर कोपरकरांना आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग येई. एक, संदर्भाशिवाय लिहिलेलं वाक्य आणि दुसरी, दुसऱ्याला मिळालेली शाबासकी. पहिल्या रागाबद्दल ते चारचौघांत बोलत. दुसरा ते पोटात ठेवत. पण सुहासिनीबाईंना तो बरोबर कळे, कारण त्या दिवशी चहात साखर कमी असल्याची तक्रार होई.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नकाशा विभागात एकतीस वर्षं रेघा ओढून कोपरकर निवृत्त झाले, क्वार्टर सोडून कर्वेनगरात राहायला आले आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाला जे चिकटले ते चिकटलेच. हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. ज्याला वाटेल त्याने लिहावं, ज्याला वाटेल त्याने दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही. त्यामुळे भांडणं भरपूर. तेरा वर्षांत कोपरकरांनी तिथे एक्केचाळीस हजार दुरुस्त्या केल्या, त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांच्या लेखांत. नवख्याने कुठे ‘असे म्हणतात की’ लिहिलं की दहा मिनिटांत कोपरकर हजर. ‘कोण म्हणतात? संदर्भ द्यावा, अन्यथा वाक्य काढले जाईल.’ आणि ते काढलं जाई. निम्मे नवखे पुन्हा तिकडे फिरकत नसत.

या सेवेचं फळ म्हणून मंडळींनी त्यांना तपासनीस केलं होतं. मुखपृष्ठावर कुठला लेख झळकणार हे तपासनीस ठरवी. मान तेवढाच, पण आठ वर्षं तो एकट्या कोपरकरांचा होता. सोसायटीत पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा ज्याचं कुणी ऐकून घेत नाही, त्या माणसाला तेवढा मान पुरतो.

मग मिसबा आली.

मिसबा तांबोळी भवानी पेठेत राहणारी, शाळेत मराठी शिकवणारी सव्वीस वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने आपल्या आजोबांची, मैनुद्दीनचाचांची, एक आठवण लेखात घातली आणि कोपरकरांनी ती शिरस्त्याप्रमाणे उडवली. खाली लिहिलं, ‘स्वतःची वा घरच्यांची आठवण हा संदर्भ धरला जात नाही.’ इतर नवखे अशा वेळी रुसत. हिने ‘नियम कळला, आभारी आहे सर’ असं लिहिलं आणि कामाला लागली. हे लक्षण कोपरकरांना तेव्हाच बरं दिसलं नव्हतं.

पाच महिन्यांत तिने दोनशे लेख लिहिले, आणि एकही वाक्य उघडं नाही, प्रत्येकाला संदर्भ. ज्ञानकोशावर कुणाचं काम आवडलं तर ‘आभार’ नावाचं एक बटण दाबतात, आणि फारच आवडलं तर त्याच्या पानावर तारा चिकटवतात. कोपरकरांच्या पानावर तेरा वर्षांचे नऊ तारे होते. मिसबाच्या पानावर अकरा. कोपरकर रोज सकाळी पूजेला बसण्याआधी तो आकडा बघून घेत. वाढलेला नसेल तर पूजा नीट होई.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुण्यातली मंडळी कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या वर्गात जमत. मिसबा तिथे पहिल्यांदा आली, तेव्हा कोपरकर सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमचं मराठी चांगलं आहे हो!”

“तुमचंही चांगलं आहे, सर,” मिसबा म्हणाली.

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने अवधूत हसला. हा आयटीतला मुलगा मंडळींच्या बैठका भरवी, मतं घेई, तंटे मिटवी. कोपरकर हसले नाहीत. त्यांनी ती गोष्ट मनात टिपून ठेवली, तारखेसकट.

मार्चमध्ये मिसबाने ‘मुक्ताई हौद’ हा लेख लिहिला आणि कोपरकरांचं डोकं फिरलं. खडकीत कारखान्याच्या वाटेवर, एका आडरस्त्याला दगडी हौद आहे. पूर्वी बैलगाड्यांचे बैल तिथे पाणी पीत. याच हौदावरून कोपरकरांनी एकतीस वर्षं सायकल दामटली होती, कितीदा तरी त्याच्या कडेला उभं राहून उतरलेली चेन चढवली होती. यावर लेख होऊ शकतो हे त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आणि ही कोण कुठली भवानी पेठेतून बसने येते काय, टेप लावून हौद मोजते काय, जुनी सरकारी दप्तरं धुंडाळून फोटोसकट लेख लिहून मोकळी होते काय! तेवीस जणांनी आभार मानले. अवधूतने तर जाहीरच करून टाकलं, ‘येत्या बैठकीत मिसबाला दुसरी तपासनीस करावं असा माझा प्रस्ताव आहे. सरांवरचा भार हलका होईल.’

भार! त्या एका शब्दाने कोपरकरांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. भार होतोय म्हणून कुणी अर्ज केला होता का यांच्याकडे? त्यांनी लेख उघडला आणि चूक शोधायला बसले. सनावळी तपासली, लांबी-रुंदी तपासली, फोटोतली सावली कुठल्या बाजूला पडते तेसुद्धा बघितलं. लेखात चूक नव्हती.

सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी ती केली.

सोमवारी दुपारी सुहासिनीबाई भजनी मंडळात गेल्या होत्या. कोपरकरांनी ज्ञानकोशातून स्वतःचं नाव बाहेर काढलं. नाव न सांगता लिहिलं की तिथे नावाऐवजी नुसता आकड्यांचा एक क्रमांक उमटतो, कोण ते कळत नाही. असं चोरून लिहिणाऱ्यांना कोपरकर आजवर ‘बुरखेधारी’ म्हणून हिणवत आले होते. आता ते स्वतः लिहू लागले, ‘एका उन्हाळ्यात हौदाचा झरा आटला, तेव्हा इंदुबाई नावाची दूधवाली रोज पहाटे डोक्यावरून दोन घागरी पाणी आणून मुक्या जनावरांसाठी हा हौद भरत असे.’ तीन मिनिटं लागली. वाक्य वाचून त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. एक्केचाळीस हजार दुरुस्त्यांत इतकं बरं वाक्य त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

बेत सोपा होता. रविवारी सगळ्यांसमोर विचारायचं, बाई, तुमच्याच लेखात बिनसंदर्भाचं वाक्य सहा दिवस लोळतंय, तुम्हाला पत्ता नाही, तुम्ही दुसऱ्यांचं काय तपासणार? मग वाक्य आपणच उडवायचं. चोराने चोरीच्या जागी फिरकू नये, म्हणून पुढे आठवडाभर त्यांनी ते पान उघडलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी सुहासिनीबाई पेपरची पुरवणी वाचत होत्या. “अहो, तुमच्या त्या खडकीच्या हौदावर आलंय. ‘झरा आटला, तेव्हा इंदुबाई नावाची दूधवाली रोज पहाटे...’ ऐकताय ना? आपल्या क्वार्टरमध्ये दूध घालायच्या त्यासुद्धा इंदुबाईच. त्याही डोक्यावर दोन घागरी घेऊन यायच्या. अठरा वर्षं घातलं, एक दिवस खाडा नाही.”

कोपरकरांनी कप बशीत ठेवला. “इंदुबाई काय, पन्नास असतात,” ते म्हणाले.

सुहासिनीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि पुरवणीची घडी केली. “आज साखर बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

शहाण्या माणसाने इथेच माघार घेतली असती. पण जळणाऱ्याला शहाणपण सुचत असतं तर काय हवं होतं! पेपरवाल्याने ज्ञानकोशातलंच उतरवलं आहे हे त्यांना कळलं होतं. ते मिसबाच्याच अंगाशी येणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. रविवारी ते ताठ मानेने उभे राहिले. “मुक्ताई हौदाच्या लेखात एका इंदुबाईचा उल्लेख आहे. त्याला संदर्भ काय?”

“नव्हता, सर,” मिसबा म्हणाली. “कुणीतरी नाव न देता ते वाक्य घातलं होतं. मी मंगळवारीच त्याला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली. आज सकाळी काढणारच होते. पण काल पेपरात छापून आलं, म्हणून तो संदर्भ जोडला.” तिने पिशवीतून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. कात्रणाला पुठ्ठा लावलेला होता.

पेपरवाल्याने बाकीचं सगळं उतरवलं होतं, खूण तेवढी गाळली होती. हे कोपरकरांना जागच्या जागी दिसलं, पण सांगणार कुठल्या तोंडाने? आणि छापील संदर्भ असलेलं वाक्य त्याहून भक्कम संदर्भाशिवाय काढू नये, हा नियम आठ वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. अवधूतने प्रस्ताव मांडला. सगळे हात वर झाले. शेवटी कोपरकरांचाही झाला, कारण तो खाली राहिला असता तर सगळ्यांना दिसला असता.

एप्रिलमध्ये मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी फोटो टाकला. हौदाला कुणी चुना फासला होता, वर पत्र्याची पाटी लावली होती, पाटीवर ‘इंदुबाई हौद’. खाली मिसबाच्या नावाने टाळ्यांची रांग. कोपरकरांना आधी काय वाटलं असेल? लाज नाही, भीतीही नाही. वाक्य माझं आणि टाळ्या हिला, हे वाटलं. मग आपल्याला हे वाटलं याची लाज वाटली. तीही थोडी उशिराच.

दुसऱ्या दिवशी ते बसने खडकीला गेले. हौदाच्या कडेला हळदकुंकू होतं, झेंडूची दोन फुलं होती. एक बाई कळशीने हौदात पाणी ओतत होती.

“हे कशासाठी हो?” कोपरकरांनी विचारलं.

“इंदुबाईचा हौद हाय ह्यो,” बाई म्हणाली. “ती भरायची, आता आमी भरतो. कुत्री येत्यात, पाखरं येत्यात.”

“पण इंदुबाई खरंच होती कशावरून?”

“आवो, माझ्या आजीनं बघितलीया तिला! डोक्यावर दोन घागरी. आजी सांगायची की मला.”

कोपरकरांनी हौदात वाकून बघितलं. महिन्याभरापूर्वी ज्या बाईला त्यांनी कळफलकावर जन्माला घातलं, तिला हिच्या आजीने बघितलं होतं! तेरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांची खोटी वाक्यं वेचून काढली होती. त्यांच्याजवळ अभिमान धरावा असं तेवढं एकच होतं, आणि ते त्यांनी एका मुलीच्या अकरा ताऱ्यांपायी घालवलं होतं.

घरी येऊन त्यांनी स्वतःच्या नावाने लेख उघडला आणि ते वाक्य काढलं. दहा मिनिटांत मिसबाने ते परत घातलं. शेरा होता, ‘ससंदर्भ मजकूर काढू नये.’ मग कोपरकरांनी लेखाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘हे वाक्य मीच, नाव लपवून, घातले होते. इंदुबाई खोटी आहे. पेपरने आपलेच उतरवले आहे.’

तासाभरात अवधूतचं उत्तर आलं, ‘सर, आपल्याच नियमाप्रमाणे विचारतो, याला संदर्भ काय?’

त्याखाली मिसबा. ‘सर, माझं काहीच तुम्हाला आवडत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्यावर राग असू द्या. पण त्या बाईला तरी राहू द्या.’

कोपरकरांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. जन्मात एकदा संदर्भाशिवाय खरं बोलावं, तर त्यातही जळफळाटच दिसावा! पण चूक कुणाची होती? मुलीने त्यांना नेमकं ओळखलं होतं. महिन्यापूर्वी हे खरंच होतं.

सुहासिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचं सगळं वाचलं. “क्वार्टरमधल्या इंदुबाईंचंच नाव उचललंत ना?” त्या म्हणाल्या. “मला त्या शनिवारीच वाटलं होतं.”

“आता सांगतोय, तर कुणी विश्वास ठेवत नाही.”

“ठेवतील कसा? आता तुम्ही नाव घालून सांगताय, वाक्य लिहिलं होतं बिननावाने.”

कोपरकर एकदम ताठ बसले. ते वाक्य ज्या क्रमांकावरून गेलं होतं, तो याच घरातल्या जोडणीचा होता, आणि लेखाच्या इतिहासात तो कायमचा टिकून होता. त्यांनी स्वतःचं नाव पुन्हा बाहेर काढलं आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘क्रमांक ताडून पाहावा. तो बुरखेधारी मी. हेतू मत्सर. तपासनीसपद सोडत आहे. श्रीधर रघुनाथ कोपरकर, कर्वेनगर.’ खाली नावाऐवजी क्रमांक उमटला. तोच.

संध्याकाळी मिसबाने ते वाक्य काढलं. शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं होतं, ‘संदर्भ : कोपरकर सर.’ कोपरकरांनी तो शेरा दोनदा वाचला. तेरा वर्षांत संदर्भ म्हणून त्यांचं नाव कुणी दिलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांच्या पानावर तिचा निरोप आला. ‘सर, मला फार राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. पाटी काढायला सांगायला उद्या मी खडकीला जाते आहे, तुम्हीही यायला हवं. एक विचारायचं होतं. असं वाक्य कुणी हवेतून लिहीत नाही. कुणी खरी इंदुबाई होती का? असेल तर तिच्याबद्दल कुठे काही छापलेलं आहे का? मी लेख लिहीन.’

अठरा वर्षं, एक दिवस खाडा नाही. पावसात दुधावर केळीचं पान झाकून यायच्या. कोपरकरांच्या पोरीला ताप असताना कारखान्याचा दवाखाना उघडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या होत्या. कोपरकरांनी हे सगळं लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि एकेक अक्षर खोडलं.

‘होत्या,’ त्यांनी उत्तर दिलं. ‘उद्या दहाला हौदापाशी येतो. छापलेलं कुठेच काही नाही. फक्त मला आठवतं, आणि स्वतःची आठवण हा संदर्भ धरला जात नाही.’