वनमालाकाकींची पोटरी

वनमालाकाकी घाटकोपरच्या भटवाडीत पोळी-भाजी केंद्र चालवतात. दिवसभर तव्यापुढे उभ्या. पण श्रावण लागला की हात पोळ्या लाटतात आणि पाय मनातल्या मनात फुगड्या घालतात. साठीला टेकल्या तरी बसफुगडीत त्यांना तोड नाही. उकिडवं बसून असा वेग घेतात की बघणाऱ्याला घेरी यावी.

मंगळागौरीच्या स्पर्धेत यंदाही संघाचा खेळ त्यांच्याच बसफुगडीने सुरू होणार होता. फक्त हल्ली सरावात पोटरी दगा देत होती. हे त्यांची जोडीदारीण शीतल सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर आपल्याला बाजूला बसवतील, ही काकींची धास्ती.

स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या मागे शेवटचा सराव चालला होता. काकी उकिडव्या बसल्या आणि किंचाळल्या, "गे बाय माझे! वांब इलो!"

पोटरीत लिंबाएवढा गोळा. शीतलने घाबरून पायाला हिसडा दिला. त्यावर काकी तिला जे बोलल्या, ते मंगळागौरीच्या कुठल्याच गाण्यात बसलं नसतं.

संघातली अक्षता फिजिओथेरपिस्ट. ती धावली. "हिसडा नको गं! काकी, गुडघा सरळ." तिने चवडा हळूहळू नडगीकडे वळवून धरून ठेवला. गोळा विरला, तशी पोटरी चोळली. "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

काकी काष्टा चाचपू लागल्या.

"नऊवारी नेसल्यावर पाणी कोण पितं?" शीतल म्हणाली. "जायचं झालं तर काष्टा सोडा, परत नेसा... तोवर आपला नंबर जाईल ना!"

सगळ्या हसल्या. मग एकमेकींकडे बघू लागल्या. पाणी कुणीच प्यायलं नव्हतं.

"झकास!" अक्षता बाटल्या वाटू लागली. "पण काकी, नुसतं पाण्याचं नाही हे. दिवसभर उभं राहून तुमची पोटरी आधीच दमते. रोज अशी ताणायची. तरी वांब येत राहिले तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि आज बसफुगडी बंद."

"मग मी काय टाळ्या वाजवू?"

"उभी घाला. पोटरीने धरलं की थांबायचं."

"उभी तर शाळेतल्या पोरी घालतात!"

काकींनी पाय टेकवून पाहिला. पोटरी ठणकत होती. घोट घोट पाणी पीत त्यांनी अख्खी बाटली संपवली. शेवटी म्हणाल्या, "शीतल, बसफुगडी तू नि अक्षता घाला. वेग कमी पडला तर बघा!"

रंगमंचावर दोघींची बसफुगडी झाली, मग उभ्या फुगडीसाठी काकींनी शीतलचे हात धरले. आधी बेताने, मग जरा जोरात. पोटरी काही बोलेना. काकींनी मान मागे टाकली.

"काकी, पुरे! गरगरतंय मला!"

"सोडू नको गो," काकी म्हणाल्या, "आत्ता कुठे रंग चढतोय."