जगदेवीचे वाकलेले कोंब

जगदेवी मूळची अक्कलकोटची. १९७६ साली ती सोलापुरात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. मी मराठीची पदवीधर. घरमालकीण बजाबाईंच्या घरी आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहायचो.

कॉलेजात अंधारी खोली नव्हती. म्हणून बजाबाईंच्या धान्याच्या कोठीत तिने ताटल्यांमध्ये ज्वारी पेरली होती. कोंबाच्या शेंड्यात वाढीचा एक रस तयार होतो. तो एका पेशीतून दुसरीत असा खाली उतरतो. एक औषध दिलं की त्याची वाट अडते. ते औषध पेशीच्या पातळ पापुद्र्यावर जाऊन बसतं, हे तिला दाखवायचं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यंत्रावर तिची पाळी ठरली होती. या खेपेला आकडे मिळाले नाहीत तर तिचे मार्गदर्शक सर विषय बदलायला लावणार होते.

आदल्या दिवशी सकाळी तिने कोठीचं दार उघडलं. आत समई तेवत होती. पांढरे कोंब तिच्याकडे झुकले होते.

"नवरात्र हाय की," मागून बजाबाई म्हणाल्या. "घट बसवलेस आन् दिवा न्हाय? शिकल्याली पोरं इसरतात, म्हणून मीच लावला."

"मावशी, हा घट नाही हो," जगदेवी म्हणाली. "यांना अंधार लागतो."

"मग वाकून नमस्कार कसा करत्यात?" त्यांनी कोपऱ्यातली ताटली दाखवली. "हीच तेवढी ताठ. लई गर्व!"

फक्त त्याच ताटलीला औषध दिलेलं होतं. जगदेवी खाली बसली. मला वाटलं, आता रडणार.

"रस सावलीच्या बाजूने जास्त उतरतो, ती बाजू वाढते, म्हणून कोंब वाकतो. बाकीचे वाकलेत, म्हणजे रस चालू आहे," ती म्हणाली. "मग औषधाची जागाही शाबूत असणार. ऊठ, कापायला घेऊ."

"पण उजेड लागलाय."

"तसंच लिहीन."

थर्मासात बर्फ घालून आम्ही ते वाकलेले कोंब पुण्याला नेले. तिने ते थंड खलात वाटले, गाळले. यंत्रात गरगर फिरवून पापुद्रे वेगळे केले. त्यांत तेच औषध, पण मोजता यावं म्हणून किरणोत्सारी केलेलं, घालून पुन्हा फिरवलं. तळाच्या साक्यातल्या किरणोत्साराचा आकडा मोठा आला.

"जमलं!" मी ओरडले.

"थांब गं. उगाच कुठंतरी चिकटलेलंही असेल."

दुसऱ्या नळीत तिने आधी साधं औषध भरपूर घातलं, मग किरणोत्सारी. आकडा कोसळला. साध्या औषधाने जागा आधीच अडवल्या होत्या. म्हणजे पापुद्र्यावर त्या औषधाच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि मोजक्या.

सरांनी विषय राहू दिला. "पण अंधारातल्या कोंबांवर हेच दिसलं पाहिजे," ते म्हणाले.

"दाखवते की."

घरी येताच तिने ज्वारी भिजवली. पेरून झाल्यावर कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली बजाबाईंच्याच हातात दिली.

"आता कुनाला आत सोडते का बघ," बजाबाई म्हणाल्या.