डाव्या पायाचा पंजा

“डाव्या पायाचा पंजा वर घ्या,” डॉक्टर म्हणाले.

मी घेतला. निदान मला तसं वाटलं. डॉक्टर पायाकडं बघत तसेच उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी म्हणाले, “घेतलाय ना.” मग त्यांनी माझ्या मानेखाली हात घालून मला पायाकडं बघायला लावलं. उजवा पंजा सरळ वर होता. डावा खाली पडलेला होता. मी जोर लावला. तो हललाच नाही.

जालन्यातला तो दवाखाना, ते टेबल आणि एमआरआयची ती काळी फिल्म मला अजून जशीच्या तशी दिसते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून सांगितलं, हा ‘डिस्क प्रोलॅप्स’ आहे. दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते, ती सरकून बाहेर आली होती आणि पायाकडं जाणारी नस तिच्याखाली दबली होती. पंजा लुळा पडण्याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात.

“दुखणं सहन करत बसायची वेळ आता गेली,” ते म्हणाले. “नस जास्त दिवस दबून राहिली तर ताकद परत येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. ऑपरेशन लवकर करावं लागेल.”

मी एस.टी.त कंडक्टर आहे, जाफराबाद डेपोला. चौदा वर्षं झाली. माझं लग्न दोन वर्षं टिकलं, मूलबाळ नाही, भाड्याच्या एका खोलीत एकटीच राहते. दिवसभर माणसांच्या गर्दीत असते म्हणून एकटेपणा फारसा जाणवायचा नाही. कंबर वर्षभर दुखत होती. डाव्या पायात वरून खाली कळ जायची. दोनदा गाडीतून चालताना पायातली चप्पल निघून मागं राहिली आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी बाम लावला, पट्टा बांधला, कुणाला काही बोलले नाही. हे वाचणाऱ्याला एवढंच सांगते, असं होत असेल तर माझ्यासारखं वर्ष घालवू नका.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. त्याला ‘मायक्रोडिस्केक्टमी’ म्हणतात. पाठीला छोटी चीर देऊन, दुर्बिणीतून बघत, नसेवर आलेला गादीचा तुकडा काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी पायातली कळ गेली होती. पंजा मात्र तसाच होता.

मंठ्याजवळ आमचं गाव आहे. तिथून माझे थोरले भाऊ आणि वहिनी आले होते. भाऊ दोन दिवसांनी परत गेले, वहिनी थांबली. मला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, संडासला नेणं, सगळं तिनं केलं. तिची आणि माझी तशी कधी फार बोलणी नव्हती. तेव्हाही झाली नाहीत. तिचा हात माझ्या काखेत असायचा आणि आम्ही दोघी गप्प चालायचो.

पुढचा सव्वा महिना मी गावी काढला. वाडवडिलांच्या काळी आमच्या घरात मेंढरं होती, आता शेती आहे. सोयाबीन काढणीला आलं होतं. सकाळी आठला सगळे शेतात जायचे, ते दिवस मावळताना यायचे. मी ओसरीत खाटेवर. बांधलेली एक शेळी आणि मी. माझी जेवणाची ताटली वहिनी झाकून ठेवून जायची. कुणी मला कधी वावगं बोललं नाही. तरी मला जड झाल्यासारखं वाटायला लागलं, आणि काठी टेकत चालता येताच मी जाफराबादला परत आले.

तपासणीला गेले तेव्हा सर्जन म्हणाले, “माझं काम झालं. आता जे होईल ते व्यायामानं होईल.” त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘क्लिनिकल पिलाटिस’.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं शहरातल्या बाया सडपातळ व्हायला करतात तसलं काहीतरी असेल. जालन्यातल्या ज्या फिजिओथेरपिस्टकडं मला पाठवलं त्या नेहा मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण बोलणं चोख जालन्याचं.

“ताई, पिलाटिस म्हणजे श्वास आणि हालचाल बराबर जुळवून आतल्या स्नायूंना कामाला लावायचं,” त्या म्हणाल्या. “क्लिनिकल म्हणजे तुमचं ऑपरेशन, तुमचा एमआरआय बघून फक्त तुमच्यापुरतं ठरवलेलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बिलकुल करायचं न्हाई.”

पहिल्या दिवशी मला वाटलं घाम निघेल. मॅडमनी मला चटईवर पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवले, आणि श्वास घ्यायला लावला. बस. त्यांची बोटं माझ्या कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला टेकलेली होती. तिथं खोलवर ‘ट्रान्सव्हर्स ॲबडॉमिनिस’ नावाचा स्नायू असतो, पोटाला आतून पट्ट्यासारखा बांधून ठेवणारा. दुखण्यानं तो झोपी जातो.

“पोट आवळू नका. श्वास सोडताना बेंबीखालचं हळूच आत घ्या. अजून हळू. तुम्ही लढाई करून राह्यल्या, ताई.”

खरंच होतं ते. चौदा वर्षं चालत्या गाडीत मी श्वास रोखून, दात आवळून उभी राहिले होते.

आठवड्यातून दोनदा जालना आणि रोज दोन वेळा घरी व्यायाम, असं ठरलं. घरी सतरंजी टाकून मी एकटीच पडायचे, वर पंखा. एका पायाची टाच उचलायची, खाली. कंबर हलता कामा नये. मॅडमनी मोजायला सांगितलं होतं, मनात नव्हे, मोठ्यानं, म्हणजे श्वास रोखला जात नाही. काही दिवस असे गेले की एक ते दहा आकड्यांखेरीज मी दिवसभरात दुसरा शब्द बोलले नाही.

जालन्याला मी माझ्याच मार्गावरच्या गाडीनं जायचे, प्रवासी म्हणून. माझ्या जागी दुसरी कंडक्टर होती. सुरुवातीला सगळे विचारायचे, “ताई, कशाय आता?” महिन्याभरानं मान हलवायचे. दोन महिन्यांनी बरेचदा तेही नाही. त्यात त्यांची चूक नाही. गाडीची वेळ असते. पण मी खिडकीशी बसून विचार करायचे की मी आता परत आले नाही तरी ही गाडी तिच्या वेळेवरच सुटेल.

पंजा हलत नव्हता. रबरी पट्टा लावून करायचा व्यायाम मी रोज करत होते आणि पाय रोज तसाच. एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्याला पंजा अडकला आणि मी पडले. फार लागलं नाही. पण उठायचं कसं ते सुचेना. बराच वेळ ओल्या फरशीवर बसून राहिले. हाक मारावी असं कुणी नव्हतं. पुढच्या दोन वेळा मी जालन्याला गेलेच नाही.

नेहा मॅडमचा फोन आला. “ताई, आल्या न्हाईत.”

“गाडी न्हाई भेटली.”

“कंडक्टरला गाडी न्हाई भेटली?” त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पडल्या का तुम्ही?”

मी हो म्हणाले.

“मंग तर यायलाच पाहिजे. पडल्यावर उठल्या कशा, ते मला करून दाखवा.”

मी गेले. त्यांनी मला खरोखर जमिनीवर बसवलं. मी कशी धडपडत उठले ते बघितलं, आणि मग शिकवलं. कुशीवर वळायचं, हातावर यायचं, दोन्ही गुडघ्यांवर, मग चांगला पाय पुढं. श्वास सोडत वर. त्या दिवशी दुसरं काही घेतलं नाही. “एकट्या राहता ना, हे सगळ्यात आधी यायला पाहिजे व्हतं. माझीच चूक झाली,” त्या म्हणाल्या. डॉक्टर मंडळींपैकी कुणी आपली चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही.

त्यांच्याकडं ‘रिफॉर्मर’ नावाचं एक यंत्र आहे. लाकडी पलंगासारखं, त्यावर स्प्रिंगांनी ओढली जाणारी सरकती गादी. तिच्यावर झोपून पायानं दांडीला रेटायचं. चौथ्या महिन्यात एकदा मॅडम माझा पाय बघत अचानक म्हणाल्या, “थांबा. मान उचला. बघा.” पावलावर अंगठ्याकडं जाणारी शीर दोरीसारखी उभी राहिली होती. अंगठा वर आला होता, नखाएवढा. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो.

मग उभं राहण्याचे व्यायाम आले. फोमच्या मऊ तुकड्यावर एका पायावर. मी सांगितलं की गाडीत झटका कधी आणि कुठून येईल ते कळत नाही. तेव्हापासून त्या माझ्या कमरेला पट्टा लावून न सांगता बाजूला ओढायच्या आणि म्हणायच्या, “ब्रेक.” हळूहळू मी तोल सावरायला लागले. दात न आवळता.

सातव्या महिन्यात फिटनेसचा दाखला मिळाला. पंजा पूर्ण परत आलेला नाही, कदाचित येणारही नाही. थकले की पाय किंचित घासतो. आधी काही दिवस मला पासच्या खिडकीवर बसवलं, मग गाडी मिळाली. पहिली फेरी नीट झाली.

त्याच आठवड्यात नेहा मॅडम म्हणाल्या, “आता यायची गरज न्हाई, ताई. घरचे व्यायाम सोडू नका. तीन महिन्यांनी एकदा दाखवा.”

मी त्यांचे आभार मानले, पाया पडायला लागले तर त्यांनी हात धरला. स्टँडवर येऊन बाकावर बसले आणि मला रडू आलं. बरं वाटण्याचं रडू नव्हतं ते. सात महिने, आठवड्यातून दोनदा, एक माणूस माझ्या कमरेला हात लावून विचारत होतं की झोप लागली का, जेवलात का. मी बरी झाले म्हणजे ते संपलं. जाफराबादची गाडी लागली आणि सुटली. मी बसूनच होते.

मग मी वहिनीला फोन लावला.

“काय झालं? पडल्या का?” तिनं घाबरून विचारलं.

“न्हाई. सहज केलता.”

“सहज?”

“हाव.”

मग ती बोलायला लागली. कापसाचं, शेळीचं, पोराच्या परीक्षेचं. मी ऐकत होते. बोलता बोलता ती म्हणाली, “माझा उजवा खांदा धरलाय. हात वर व्हत न्हाई. केस बी विंचरता येत न्हाईत.”

“कवापासून?”

“तुम्ही इथं व्हत्या ना, तवापासून.”

त्याच खांद्यावर माझा भार असायचा. मी विचारलं, “सांगितलं का न्हाई कुणाला?”

“कुणाला सांगू, ताई? सगळेच घाईत राह्यतात.”

पुढच्या रविवारी मी गावी जाऊन भावांशी बोलले आणि तिला जाफराबादला घेऊन आले. महिनाभर ती माझ्या खोलीत राहिली. जालन्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा नेहा मॅडमनी तिला आत घेतलं, खांदा तपासला. ‘फ्रोजन शोल्डर’, म्हणजे सांधा आखडलाय, वेळ लागेल पण सुटेल, असं त्यांनी दोघींना समजावून सांगितलं. मग मी बाहेर आले आणि दार लोटलं.

आतून मॅडमचा आवाज आला, “श्वास रोखू नका. मोठ्यानं मोजा.” आणि मग वहिनीचा, लाजत, अडखळत. एक. दोन. तीन.

मी बाकावर दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. दोनची गाडी चुकणार हे दिसतच होतं. चारची होती. आम्हाला कोणतीही चालणार होती.