मावशीचा वरचा एक

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की अजूनही मी नकळत पोट आवळून धरतो. वर्सोव्याला जीवरक्षकांच्या भरतीत दोन मिनिटं प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ तोलून, धरायचा होता आणि घरी दीड मिनिटातच माझं अंग थरथरायचं. मासे विकणारी मावशी बोंबील उलटता उलटता सेकंद मोजायची आणि गिऱ्हाइकाला देते तसा दर विसांमागे एक जास्त घालायची. "हा वरचा." "मावशी, फसवू नको गं." "गप रे, कंबर टेकतेय तुझी." भरतीच्या दिवशी वाळूत कोपरं रुतली, घाम डोळ्यांत उतरला, आणि घड्याळ भरती घेणाऱ्या साहेबांच्या हातात. आता कोसळणार या भीतीने मी डोळे मिटून मावशीसारखे वीस-वीस मोजत राहिलो. "अरे ऊठ, शिट्टी झाली कधीच," साहेब म्हणाले. मी उठलो नाही. वरचा एक राहिला होता.