म्हशीची साप्ताहिक सुट्टी

माझ्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतका संघटित माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते एकटे असले तरी संघटित असतात. रस्त्यानं एकटेच चालले असले तरी मागून चारशे माणसं येताहेत अशा बेतानं चालतात आणि वळणावर हात वर करून थांबतात, मागच्यांना गाठता यावं म्हणून. पिंपरीच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली, निम्मी मशीनवर आणि निम्मी गेटवर. कारखाना केव्हाच थंडावला, यांचा आवाज मात्र अजून भोंग्याच्या पट्टीत आहे. गावात सगळे त्यांना लीडर म्हणतात. त्यांची बायकोही म्हणते, फक्त तिच्या तोंडी तो शब्द शिवीच्या बराच जवळ जातो.

माझी चाकणच्या कंपनीत बदली झाली तेव्हा कुरुळीच्या पलीकडे, त्यांच्या गावात, त्यांनीच मला खोली बघून दिली. पहिल्या दिवशी जेवायला बोलावलं. पानावर बसण्याआधी लीडरनी उभं राहून मागणीपत्र वाचलं. मुख्य मागण्या दोन : भाकरी तव्यावरची गरम मिळावी आणि वांग्याची भाजी आठवड्यातून दोनदाच व्हावी. "संघटनेला मान्यता न्हाई," त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, आतून म्हणाल्या आणि वांग्याचीच भाजी वाढली. लीडरनी निषेध नोंदवून तीन भाकऱ्या खाल्ल्या. धाकट्या मुलीच्या लग्नात फोटोवाल्यानं पंगत अडवून धरली, तेव्हा यांनी मांडवाच्या दारात गेट मीटिंग घेतली, वऱ्हाडाकडून घोषणा वदवल्या आणि व्याह्यांना कमिटीवर घेतलं. मयताला गेले की "अमर रहे" म्हणताना त्यांची मूठ वर जाते ती जातेच. गेलेली नव्वदीची म्हातारी असो, की शेजाऱ्याचा बैल असो.

अशा माणसाच्या गावातला जनावरांचा सरकारी दवाखाना बंद होणार, अशी बातमी आली. सरकारचंही खोटं नव्हतं. रानं कंपन्यांत गेली, गोठ्यांच्या जागी कामगारांसाठी खोल्या झाल्या, दवाखान्यात माश्याही येईनाशा झाल्या. तिथे माणसं दोनच होती. डॉक्टरीणबाई कायम फिरतीच्या, त्या कुठेही गेल्या असत्या. प्रश्न होता तो परिचर म्हणून काम करणाऱ्या सुमनताईचा. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती लागली होती, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा हुकूम निघणार होता, म्हणजे नोकरी सोडण्याचाच.

"मामा, माझं काय व्हनार?" एवढंच ती म्हणाली. लीडरनी उभ्या उभ्या दवाखाना बचाव कृती समिती स्थापन केली. अध्यक्ष ते, चिटणीस मी आणि सदस्य मामी, त्यांना न विचारता. मी हसत होतो. दवाखान्यातून परत येताना मात्र लीडर चक्क हळू आवाजात बोलले. "आमच्या खात्यात बेचाळीस मानसं व्हती. वीस वर्सं घसा फोडला. एकाची बी नोकरी वाचली न्हाई माझ्या हातून. ही एक तरी वाचली पायजे, भावा."

जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याचे साहेब तपासणीला येणार, रजिस्टर बघणार आणि मग ठरवणार, असं कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं, "जनावर समोर उभं राहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही." मग जनावरं उभी करणं आलं. लीडरनी चावडीच्या भिंतीवर खडूनं शिफ्ट लावल्या. पहिल्या शिफ्टला दुभती जनावरं, जनरल शिफ्टला शेळ्या-कोंबड्या, सेकंड शिफ्टला कंपन्यांच्या गेटवरची कुत्री. ही कुत्री वॉचमन लोकांच्या डब्यावर इतकी पोसलेली, की डॉक्टरीणबाईंना त्यांचे दात मोजण्यापलीकडे काम उरलं नाही. लीडरची म्हैस मंगली तर खंदी कार्यकर्ती निघाली. सोमवारी तिचे खूर बघायचे, मंगळवारी शिंगं, बुधवारी "जरा उदास वाटतीया." महिन्याभरात ती आपली आपण जाऊन रांगेत उभी राहू लागली. माझ्याकडे जनावर नव्हतं, म्हणून खोलीवर दूध प्यायला येणारं मांजर मी उचलून नेलं. मांजराला आंदोलन मान्य नव्हतं. त्याची तपासणी झाली आणि माझ्या हाताला सुमनताईनं पट्टी बांधली.

दोन महिन्यांत रजिस्टर ओसंडून वाहू लागलं. आणि साहेब आले गुरुवारी.

आमच्या पट्ट्यात कारखाने रविवारी चालू असतात, सुट्टी गुरुवारची. लीडरनी सगळ्या नोकरीत रविवार कधी बघितलाच नव्हता. त्यांची हजामत गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, आजारपणसुद्धा शक्यतो गुरुवारी. त्यामुळे जनावरांच्या शिफ्ट लावताना त्यांनी गुरुवार आपोआप मोकळा सोडला. कच्च्या यादीची पक्की यादी मी केली, गावानं ती रोज वाचली. गुरुवारी म्हशीला कसली सुट्टी, हे एकालाही सुचलं नाही, कारण आम्ही सगळेच कंपनीतले.

निरोप कळला तेव्हा लीडर न्हाव्यासमोर बसले होते. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर साबण, तसेच गोठ्याकडे पळाले. लीडरनी दावं ओढलं, मी मागून रेटलं, पण मंगली उठली नाही. तिलाही गुरुवारची सवय लागली होती. शेवटी आम्ही दोघंच दवाखान्यात हजर झालो. साहेब लातूरकडचे. रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले, "सोमवारी गर्दी, बुधवारी गर्दी, आन् गुरुवारी एकबी जनावर आजारी पडंना गावात? काय चालू हाय हे, मामा?"

जत्रा होती म्हणा, मी मागून खुणावलं. लीडर सरळ उभे राहिले.

"सायेब, गुरुवारी सुट्टी हाय त्यांना. म्या दिली. आजारी बी न्हवती ती, म्याच आनत व्हतो. चूक माझी हाय, हिची न्हाई. ही आज बी हजर हाय, बगा."

सुमनताई धुतलेल्या चिमट्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साहेब आधी ऐकतच राहिले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. हसणं थांबल्यावर लीडरनी टोपी काढली. त्यांना टोपी काढताना मी प्रथमच पाहिलं. "बेचाळीस गेली, सायेब. ही एक ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाले. घोषणा नाही, मागणीपत्र नाही.

महिन्यानं हुकूम आला. डॉक्टरीणबाई बदलून गेल्या. आमच्याकडे प्रथमोपचार केंद्र राहिलं, आठवड्यातून तीन दिवस. परिचर मात्र सुमनताईच, बाकीचे दिवस तिची ड्युटी चाकणच्या दवाखान्यात. अर्धा विजय म्हणून लीडरनी अर्ध्या गावातून मिरवणूक काढली. मंगलीनं आपल्या गळ्यातला हार तिथेच खाल्ला. पुढे लीडर साहेबांना जाऊन भेटले आणि सुमनताईची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी राहील, असं लेखी घेऊन आले.

गेल्या वर्षी मंगली खरोखरच आजारी पडली, तीही गुरुवारी. सकाळी बसली ती उठेना. सुमनताईला बोलावतो म्हटलं, तर लीडरनी माझा दंड धरला. "न्हाई. सुट्टी हाय तिची. येवढं भांडून मिळवलीया." आणि म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं.

मामींनी कमिटीला न विचारता निरोप धाडला असणार. सुमनताई आली, चाकणच्या डॉक्टरांनाही तिनं फोन करून बोलावून घेतलं. लीडर कडाडले, "सुट्टीच्या दिशी काम करायचं न्हाई, सुमन!"

"ड्युटीवर न्हाई आले, मामा," ती म्हणाली. "घरचं मानूस आजारी हाय म्हनून आले."

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण मंगलीचं वय झालं होतं. दिवस कलायच्या आत ती गेली. लीडर उठले. मला वाटलं, आता मूठ वर जाणार. हात वर गेलाही, पण मूठ काही वळली नाही. तो हात तसाच खाली आला आणि सुमनताईच्या डोक्यावर थांबला.

"जा आता घरी," ते म्हणाले. "उद्या चाकणची ड्युटी हाय. टायमात जा."